सूनबाईच्या वयाचा दगड

पहिल्याच सकाळी सासूबाई नाकाला पदर लावून बाथरूममधून बाहेर आल्या. "अगं, नळाच्या पाण्याला नासक्या अंड्याचा वास येतोय. आणि कढत तर इतकं, की हात घालवत नाही. गिझर बंद करायचं बटण कुठंय?"

बटण नव्हतं, कारण गिझरच नव्हता. आपल्या बाथरूमच्या भिंतीवर टांगलेल्या त्या पांढऱ्या डब्याचं नाव मुळात आलंय या देशातून! आइसलँडमध्ये गेसिर नावाचा एक उष्ण झरा आहे, मनात आलं की आकाशात उसळणारा. त्याचं नाव इंग्रजीत गेलं, मग जगातल्या तसल्या सगळ्या झऱ्यांना चिकटलं आणि फिरत फिरत नाशिक-साताऱ्याच्या न्हाणीघरांत येऊन पोचलं. ज्यांनी शब्द दिला त्यांना मात्र गिझर लागत नाही. जमिनीत खोल भोक पाडायचं, वर येणारं कढत पाणी पाइपांतून गावभर फिरवायचं, की झालं. दहातली नऊ घरं जमिनीच्या या उष्णतेवर ऊब धरतात. वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे पाताळातल्या गंधकाचा.

"म्हणजे वज्रेश्वरीचं कुंड नळाला जोडलंय म्हण की," सासूबाई म्हणाल्या आणि टॉवेल घेऊन पुन्हा आत गेल्या.

आम्ही पाच जण होतो. नवरा स्टिअरिंगवर, मी नकाशा घेऊन शेजारी. मागे तेरा वर्षांची लेक, नऊ वर्षांचा मुलगा आणि दोघांच्या मध्ये वाईच्या सासूबाई, मांडीवर चिवड्याचा डबा. जून महिना, हातात अकरा दिवस. देशाला गोल प्रदक्षिणा घालणारा एक रस्ता आहे, त्याचं नावच 'क्रमांक १'. लांबी १,३२२ किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीहून जरा कमीच. देश महाराष्ट्राच्या एक तृतीयांश आणि सगळी माणसं मिळून चार लाखांच्या आसपास. प्रदक्षिणा डावीकडून घालायची की उजवीकडून, यावर सासूबाईंचं मत आधीच ठरलेलं होतं. देव उजव्या हाताला राहिला पाहिजे. म्हणून आम्ही घड्याळाच्या काट्याप्रमाणे निघायला हवं होतं. पण मुक्कामांची आरक्षणं उलट दिशेनं झालेली. पहिला रुसवा इथेच झाला.

पहिला थांबा थिंगवेट्लिर. इसवी सन ९३०मध्ये इथल्या लोकांनी उघड्या माळावर आपली संसद भरवायला सुरुवात केली, ती याच जागी. पण आम्ही थांबलो ते तिथल्या भेगेसाठी. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या भिंती आणि मधून पायवाट. एकीकडे उत्तर अमेरिकेचं भूपट्ट, दुसरीकडे युरेशियाचं, आणि मधला हा सगळा पट्टा दोघांच्या ओढाताणीत सापडलेला. जुन्या कापडाची शिवण उसवते, तशी इथे पृथ्वी उसवते आहे. ही शिवण अटलांटिक महासागराच्या तळाशी हजारो किलोमीटर धावते, जवळजवळ सगळीकडे पाण्याखाली. मग इथे ती उघड्यावर का? कारण या जागेच्या खाली, खोल, जास्तीची एक आच लागलेली आहे. तिनं इतका लाव्हा वर ढकलला की समुद्राच्या वर एक देश उभा राहिला.

उसवण्याचा वेग वर्षाला दोन सेंटिमीटर. साधारण आपली नखं वाढतात, त्या चालीनं. ती पहिली संसद भरली तेव्हापासून दोन्ही भूपट्टं वीसेक मीटर लांब गेली.

"मग मध्ये खड्डा का नाही पडत?" लेकीनं विचारलं.

प्रश्न असा असावा! पडतो, आणि पडतो तितका खालून भरून निघतो. फट पडली की लाव्हा वर येतो, थिजतो, आणि नवी जमीन होतो. ती पुन्हा मधोमध फाटते. देश मधून वाढतो आणि कडांकडे सरकत जातो. याचा अर्थ काय, ते गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. मधल्या शिवणीपासून जितकं लांब जाऊ, तितका दगड जुना. आमची गाडी नुसती पूर्वेला जाणार नव्हती, ती काळात मागे जाणार होती. नकाशावरचे किलोमीटर म्हणजे लाखो वर्षं.

त्याआधी गेसिर. मूळ गेसिर आता क्वचितच उठतो. पण त्याचा शेजारी स्त्रोक्कुर दर सहा-दहा मिनिटांनी हजेरी लावतो. दोरीमागे माणसं गोल करून उभी. मध्ये परातीएवढं दिसणारं, वाफाळतं, शांत पाणी. मग ते पाणी श्वास घेतल्यासारखं खालीवर होऊ लागतं. आणि एका क्षणी त्यातून निळाशार, काचेसारखा, गुळगुळीत घुमट वर फुगतो. डोळ्याचं पातं लवेपर्यंतच टिकतो. तो फुटतो आणि चार-पाच मजली उंच पाण्याचा खांब उभा!

हे कसं घडतं? घरच्या कुकरला विचारा. कुकरमध्ये दाब जास्त, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं. इथे झाकणाचं काम करतं ते वरचंच पाणी. खोल नळीच्या तळाशी पाणी शंभरी ओलांडून तापलेलं असतं, पण डोक्यावरच्या पाण्याच्या भारानं त्याला उकळता येत नाही. तेवढ्यात एखादा वाफेचा बुडबुडा वर सुटतो, थोडं पाणी काठावरून सांडतं. भार किंचित हलका झाला, की खालचं पाणी एकदम उकळून वाफ होऊ लागतं आणि वरच्याला उडवून लावतं. शाळेतल्या बन्सेन बर्नरचे बन्सेनसाहेब १८४६ साली इथे आले होते आणि त्यांनी गेसिरच्या नळीत तापमापक सोडून हेच मोजलं होतं. उसळू शकणाऱ्या कढत्या नळीत तापमापक! शास्त्रज्ञांच्या बायकांचं काय होत असेल?

मुलगा मोजत होता. चार 'शिट्ट्या' झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चला, डाळ शिजली."

दक्षिण किनाऱ्यावर रेइनिसफियारा म्हणून काळ्या वाळूचा किनारा आहे. तिथे डोंगराच्या पोटाला दगडाचे खांब चिकटलेले, एकमेकांना खेटून, पेन्सिलींचा जुडगा उभा करावा तसे. बरेचसे षट्‌कोनी. पोरांना वाटलं कुणीतरी घडवलेत. घडवणारा एकच, थंडावा. मे महिन्यात तळं आटतं, चिखल आकसतो, भेगा पडतात, आणि त्या भेगांचं जाळं बघितलंत तर जागोजागी पाच-सहा कोनांचे तुकडे दिसतात. लाव्हाही थंड होताना आकसतो. आक्रसणारा पृष्ठभाग कमीत कमी फाटून मोकळा व्हायचा मार्ग शोधतो, आणि तो मार्ग षट्‌कोनाच्या आसपास जातो. मधमाशीही मेण वाचवायला तिथेच पोचली. जसजसा थंडावा आत शिरतो तसतशी भेग आत उतरते, म्हणून खांब. सावकाश थंड झाला तर खांब जाड, झटपट झाला तर बारीक.

हे बघायला आइसलँड गाठायची गरज नव्हती, हेही सांगून टाकते. अंधेरीत गिल्बर्ट हिल आहे. साठेक मीटर उंच, वर गावदेवीचं देऊळ, आणि अंगावर हेच दगडी खांब. मी पंधरा वर्षं तिच्या शेजारून रिक्षानं गेले. मान वर करून एकदाही बघितलं नाही.

किनाऱ्यावरच आमचा अपघातही झाला, तो दाराचा. इथला वारा गाडीचं दार उघडण्याची वाटच बघत असतो. मुलानं दार उघडलं आणि वाऱ्यानं ते पुढे इतकं मुडपलं की बिजागरी कण्हली. गाडी भाड्यानं देणाऱ्यानं फोनवर गोड आवाजात सांगितलं की विम्यात सगळं येतं, वारा येत नाही. पुढचे आठ दिवस ते दार नवऱ्याच्या पट्ट्यानं बांधून ठेवलं होतं. तेव्हापासून उतरताना सासूबाई "वारा!" अशी हाळी देत, मगच कुणीतरी दाराला हात लावे.

पुढे रस्ता मऊ हिरव्या गादीतून जातो. मैलोन्‌मैल शेवाळ, आणि शेवाळाखाली लाव्हा. १७८३च्या जूनमध्ये इथल्या लाकी भागात जमीन चिरली आणि चिरेवर शंभराहून जास्त मुखं उघडली. आठ महिने लाव्हा वाहत राहिला. पण माणसं मारली ती आगीनं नाही, धुरानं. सुमारे १२ कोटी टन गंधकी वायू हवेत गेला, गवतावर फ्लोरिनचं विष बसलं, मेंढ्या मेल्या, आणि मेंढ्या मेल्यावर माणसं. देशाची साधारण पाचव्या हिश्श्याची लोकसंख्या संपली. युरोपवर महिनोन्‌महिने धुकट पडदा होता. हवामानाच्या संगणकी गणितांप्रमाणे त्या वर्षी आफ्रिकेतला आणि आपल्याकडचा पाऊसही दुबळा झाला असावा. उत्तर हिंदुस्थानात १७८३-८४ला 'चालिसा' दुष्काळ पडला, हे नोंदलेलं आहे. त्यात या धुराचा वाटा किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण त्या शेवाळावर बसून डबा खाताना घास जरा अडखळला, हे खरं.

मग आला पूल. किंवा पुलाचे अवशेष. रस्त्याकडेला लोखंडी तुळया पिळून ठेवलेल्या, ओला पंचा पिळावा तशा. हा रस्ता १९७४मध्ये पुरा गोल झाला तो इथे, स्केइदाराउ नदीवर जवळजवळ नऊशे मीटरचा पूल झाला तेव्हा. तोवर या वाळवंटात नद्या इतक्या वेड्यावाकड्या वाहत की पूर्वेच्या माणसाला पलीकडच्या गावाला जायला देशाला वळसा घालावा लागे. १९९६च्या सप्टेंबरअखेर वात्नायोकुट्ल या अवाढव्य हिमनदीच्या पोटात ज्वालामुखी पेटला. बर्फाच्या खाली आग! वितळलेलं पाणी महिनाभर बर्फाखालच्या खळग्यात साचत गेलं. साचता साचता त्यानं डोक्यावरचं बर्फच उचललं, आणि ५ नोव्हेंबरला ते खालून सुटलं. ऐन भरात दर सेकंदाला सुमारे ४५ ते ५० हजार घनमीटर पाणी. घनमीटर म्हणजे किती? आपल्या गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी. तशा पन्नास हजार टाक्या, प्रत्येक सेकंदाला, सोबत घराएवढे बर्फाचे ठोकळे. एक पूल साफ गेला, मोठ्याचा एक तुकडा गेला.

पण खरी चपराक नंतरची. पूल दुरुस्त झाला, गाड्या धावू लागल्या, आणि २००९मध्ये नदीच निघून गेली. हिमनदी मागे सरकली, तिच्या पाण्यानं दुसरी वाट धरली, आणि जवळजवळ नऊशे मीटरचा पूल कोरड्या वाळूवर उभा राहिला. २०१७ साली शेजारी एक छोटा पूल बांधून रस्ता तिकडून नेला. नदी पूल सोडून गेलेली तुम्ही कधी ऐकलीत?

योकुल्सार्लोनला हिमखंडांचं तळं आहे. फोटो सगळ्यांनी बघितलेत, म्हणून एवढंच सांगते, की १९३०च्या आसपासपर्यंत तिथे हे तळंच नव्हतं, बर्फ होतं. आज ते देशातलं सगळ्यात खोल तळं आहे, सुमारे २४८ मीटर. एकावर एक तीन कुतुबमिनार ठेवले तरी तिथे बुडून जातील! सासूबाईंनी काळ्या वाळूवरचा एक काचेसारखा तुकडा उचलला आणि शतकांपूर्वी पडलेल्या बर्फानं हात धुतले.

दरम्यान दिवस संपायचं नाव घेत नव्हता. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, त्यामुळे जूनमध्ये तिचा माथा सूर्याकडे झुकलेला, आणि आम्ही जवळजवळ त्या माथ्यावर. सूर्य मध्यरात्रीच्या सुमाराला टेकायचा आणि तीनला पुन्हा हजर. मधल्या वेळात अंधार असा नाहीच. सासूबाईंनी अगदी व्यवहारी अडचण मांडली. "दिवेलागण कधी करायची?" शेवटी घड्याळातले सात ही दिवेलागण ठरली. लख्ख उन्हात 'शुभं करोति'.

आणि मग पूर्वेचे फियॉर्ड आले. समुद्र डोंगरांत शिरलेला, त्याच्या काठाकाठानं रस्ता. एका वळणावर सासूबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारली. "थांब थांब. हा तर पसरणीचा घाट!"

मी वर बघितलं. खरंच. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढलेला. उभा काळा कडा, मग आडवी गवताची पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. वाईहून पाचगणीला चढताना डावी-उजवीकडे दिसतं तेच, फक्त करवंदांच्या जाळ्या नाहीत आणि खाली कृष्णेऐवजी अटलांटिक. हा भास नव्हता. एकेक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक थर. थराचा गाभा घट्ट, तो कडा होतो. वरचा भाग फेसाळ नि भुसभुशीत, तो झिजून पट्टी होतो. पायरीला स्वीडिशमध्ये 'ट्राप्पा' म्हणतात, आणि भूगोलाच्या पुस्तकात आपण पाठ केलेला 'डेक्कन ट्रॅप' त्यावरूनच आलाय. सापळ्याशी त्याचा काही संबंध नाही. मी शाळेत कायम सापळाच समजत होते.

गाडीतून उतरून जवळ गेलो तर कड्यात एक तांबडी रेघ. पसरणीत नि खंबाटकीत रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथेही अशी तांबडी रेघ दिसते. दोन थरांच्या मध्ये जेवढा काळ गेला, तेवढ्यात खालच्या लाव्ह्यावर माती-राख जमली. मग पुढचा लाव्हा आला आणि त्यानं ती माती भाजली, भट्टीतल्या विटेसारखी. म्हणजे ती रेघ म्हणजे विश्रांती. ज्वालामुखीनं घेतलेला दम!

या पूर्वेच्या डोंगरांचा दगड कोटभर वर्षांचा. देशातला सगळ्यात जुना दीडेक कोटीचा. आणि आपला? सहा कोटी साठ लाख. आपला सह्याद्री आजोबा, हा नातू. तोंडवळा मात्र एकच.

१९५०च्या दशकात जॉर्ज वॉकर नावाचे एक ब्रिटिश भूवैज्ञानिक उन्हाळ्यामागून उन्हाळे या डोंगरांत पायी फिरले. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून भोकं राहतात. त्यांत नंतर गरम पाणी झिरपतं आणि पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक भरतं. आपल्याकडे विहिरीला सुरुंग लावला की निघतात ते. पोरं त्यांना गारगोट्या म्हणून खिशात घालतात. यांतले बरेचसे झिओलाइट. वॉकरांच्या लक्षात आलं की झिओलाइटच्या जाती मनाला येईल तिथे बसत नाहीत. प्रत्येकीला आपली उष्णता हवी, म्हणून प्रत्येकीची आपली खोली ठरलेली. दूध उतू जाऊन पातेलं रिकामं झालं तरी कडेची सायीची रेघ सांगते, दूध कुठवर होतं. तशा या स्फटिकांच्या रेघांवरून वॉकरांनी सांगितलं, की आज दिसणाऱ्या डोंगरावर पूर्वी आणखी किती डोंगर होता आणि तो किती झिजला. नाहीसा झालेला डोंगर मोजायची युक्ती! पुढे लाव्ह्याच्या थरांबद्दल लिहिताना त्यांनी आपल्या दख्खनचेही दाखले घेतले.

त्या रात्री ज्या घरी उतरलो, तिथल्या बाईंच्या खिडकीत कॅल्साइटचा एक पारदर्शक तुकडा होता, त्यांच्या आजोबांच्या वेळचा. मुलानं तो आमच्या नकाशावर ठेवला आणि ओरडला. प्रत्येक अक्षर दोनदा! हा आइसलँडचा प्रसिद्ध स्फटिक प्रकाशाचा एक किरण आत घेतो आणि दोन करून सोडतो. १६६९मध्ये डेन्मार्कच्या बार्थोलिन यांनी हे लिहून ठेवलं, आणि प्रकाश ही काय चीज आहे, या कोड्यानं पुढं दीडशे वर्षं मोठमोठ्यांना झोपू दिलं नाही. बाईंना सासूबाईंनी आडनाव विचारलं. आडनाव नसतंच म्हणाल्या. पुढे बापाचं नाव लागतं, त्याला मुलगी असेल तर 'दोत्तिर' जोडायचं. सासूबाई खूश. "आपल्यासारखंच. आपण फक्त वर आणखी आडनावाचं ओझं घेतो."

शेवटी उत्तर. गाडी वळून पुन्हा मधल्या शिवणीकडे आली, म्हणजे काळ पुन्हा पुढे पळू लागला. मीवात्न तळ्याजवळ क्राप्ला नावाचा भाग आहे. १९७५ ते १९८४ या काळात तिथे जमीन नऊ वेळा फाटून लाव्हा आला. पायवाट सरळ त्या लाव्ह्यावरून जाते. काळाकुट्ट, करवतीसारखा, कुठे दोरखंडासारखा वळलेला. शेवाळाची अजून नुसती चाहूल. फटींतून वाफ निघतेय आणि काही जागी दगडाला हात लावला तर कोमट लागतो.

"१९८४ म्हणजे तुझ्या जन्माचं साल की गं," सासूबाई म्हणाल्या. खरंच. पायाखालचा दगड माझ्या वयाचा.

लेकीनं विचारलं, "मग आपली आग कुठे गेली?" मला हे सांगायचंच होतं. दख्खनवर पाच लाख चौरस किलोमीटर पसरेल इतका लाव्हा ज्या आचेनं ओतला, ती आच विझलेली नाही. आपण तिच्यावरून पुढे सरकलो. भारताचं भूपट्ट उत्तरेला निघून गेलं आणि चूल जागच्या जागी राहिली. हिंदी महासागरात, मॉरिशसच्या शेजारी, रियुनियन नावाच्या बेटाखाली. तिथला ज्वालामुखी आजही वरचेवर पेटतो. ज्या चुलीवर सह्याद्री रांधला, ती चूल!

पोरं गप्प झाली. सासूबाई मात्र खाली बसल्या होत्या. त्यांनी लाव्ह्यावर तळहात ठेवला, मग बोटांनी त्याची धार चाचपली, वाण्याकडे डाळ बघतात तशी. वाईच्या घरातला पाटा, वरवंटा, जातं, सगळं याच काळ्या दगडाचं; गुळगुळीत झालं की पाथरवट बोलावून टाकी लावून घ्यायची.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. "याला अजून वीस वर्षं टाकी लावायला नको."